ज्या व्हेल शार्कसोबत पोहायला लोक हजारो रुपये मोजतात, त्याचं बारसं एका मिलिटरी डॉक्टरने केलं होतं

इन्स्टावर तो रील तुम्हीही पाहिला असेल. निळंशार पाणी, तोंडात नळी धरून पोहणारा एक माणूस आणि त्याच्या शेजारून एसटीएवढा ठिपकेदार मासा निवांत निघून जातोय. ऑस्ट्रेलियाच्या निंगालू किनाऱ्यावर यासाठी दरवर्षी जगभरातून लोक येतात. हात लावायचा नाही, अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर लांब राहायचं, हा तिथला नियम.

हा व्हेल शार्क. नावात व्हेल असला तरी तो देवमासा नाही. कल्ल्यांनी श्वास घेणारा शार्कच आहे आणि जगातला सगळ्यात मोठा मासा आहे.

आता गोष्ट याला नाव देणाऱ्या माणसाची. डॉ. अँड्र्यू स्मिथ.

जन्म १७९७ चा, स्कॉटलंडमधल्या हॉइक गावचा. एडिनबरामध्ये डॉक्टरकी शिकला, ब्रिटिश सैन्यात लागला आणि १८२० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत पोहोचला. ड्युटी सैनिकांना तपासायची, पण गड्याचं लक्ष पक्षी, साप आणि सरड्यांवर. हे तिथल्या गव्हर्नरच्या नजरेत आलं. १८२५ मध्ये केपटाऊनला म्युझियम काढलं तेव्हा त्याची जबाबदारी थेट स्मिथकडेच आली.

१८२८ च्या एप्रिलमध्ये टेबल बे खाडीत कोळ्यांना हिरवट-करड्या रंगाचा, पांढऱ्या ठिपक्यांचा एक अजब मासा दिसला. त्यांनी भाला मारून तो पकडला. लांबी साधारण १५ फूट, म्हणजे या जातीत तसा लहानच. स्मिथने तो तपासला, तोंड उघडून पाहिलं तर आत बारीक दातांच्या रांगाच रांगा. त्यावरून त्याने कानशीसारखे दात असलेला अशा अर्थाचं ग्रीक नाव ठेवलं. पुढे माशाचं कातडं ६ पौंडांना विकलं गेलं आणि पॅरिसच्या म्युझियममध्ये पोहोचलं.

गंमत म्हणजे नाव दातांवरून पडलं आणि खाण्यासाठी त्या दातांचा उपयोगच नाही. व्हेल शार्क मोठं तोंड उघडून पाणी आत घेतो. घशाजवळच्या चाळणीसारख्या गाद्यांमधून पाणी कल्ल्यांवाटे बाहेर जातं आणि प्लवक, माशांची अंडी, छोटे मासे आत राहतात. पण हे मेलेला मासा बघून कसं कळणार? त्यासाठी पाण्यात उतरावं लागतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तर जगभरात त्याच्या जेमतेम ३२० नोंदी होत्या. आज त्याच्या ठिपक्यांचे फोटो काढून एकेक मासा ओळखता येतो, आपल्या बोटांच्या ठशांसारखा. हे फोटो पर्यटकांनी काढलेले असले तरी चालतात.

स्मिथ मात्र जमिनीवरच फिरत राहिला. १८३४ ते १८३६ बैलगाड्यांचा तांडा घेऊन तो आफ्रिकेच्या आत मकरवृत्तापर्यंत गेला. परतल्यावर केपटाऊनला त्याची भेट चार्ल्स डार्विनशी झाली. मोठ्या जनावरांना घनदाट हिरवळच लागते असं नाही, उजाड माळावरही हत्ती-गेंडे जगतात, ही माहिती डार्विनने स्मिथकडून घेतली आणि पुस्तकात वापरली. समुद्रातला सगळ्यात मोठा मासा बारीकसारीक खाऊन जगतो हे दोघांना तेव्हा कळलं असतं तर गप्पा अजून रंगल्या असत्या, असं आपलं मला वाटतं.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण १८५३ मध्ये स्मिथ ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय खात्याचा प्रमुख झाला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रायमियाच्या युद्धात उतरलं. सैनिक गोळ्यांपेक्षा कॉलरा आणि हगवणीने जास्त मरत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथे गेली ती याच काळात. लंडनच्या पेपरांनी स्मिथला धू धू धुतलं, संसदेच्या समितीने चौकशी केली. त्याच्या बाजूने सांगायचं तर जहाजं, गाड्या, सामान यातलं बरंच काही त्याच्या खात्याच्या हातात नव्हतं. पण प्रमुख तोच होता आणि माणसं मरत होती, त्यामुळे त्याला पूर्ण सोडून देणंही बरोबर वाटत नाही.

१८५८ मध्ये तब्येतीमुळे त्याने पद सोडलं. त्याच वर्षी सरकारने त्याला सर ही पदवी दिली. १८७२ मध्ये लंडनमध्ये तो गेला.

आणि माशाचं नाव? स्मिथने ते आधी केपटाऊनच्या वर्तमानपत्रात छापलं होतं. १८२९ मध्ये एका मासिकात तेच नाव वेगळ्या स्पेलिंगने आलं, १८४९ मध्ये त्याने स्वतःच तिसरं वापरलं. अभ्यासक दीडशे वर्षं वाटेल ते लिहीत राहिले. शेवटी १९८४ मध्ये प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ऱ्हिंकोडॉन हे स्पेलिंग पक्कं केलं. तोवर स्मिथ जाऊन ११२ वर्षं झाली होती.