कोंड्याचा मांडा करणारा डॉक्टर : डेनिस बर्किट

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, अशी आपली जुनी म्हण आहे. त्या म्हणीतला कोंडा गरिबाच्या ताटातला. चार पैसे हाती आले की माणूस आधी पीठ चाळू लागतो, मग मैद्याकडे वळतो. असे असताना गेल्या पन्नास वर्षांत हाच कोंडा खोक्यात भरून महाग भावाने विकला जाऊ लागला. पोटाची कुरबूर सांगितली की भरपूर चोथा खा, असा सल्ला आज कोणीही देतो. आमच्या बडोद्याच्या उत्तरेला उंझ्याची बाजारपेठ इसबगोलासाठी प्रसिद्ध आहे आणि मंडळातल्या ज्येष्ठांच्या किती घरी त्याचा डबा असतो, ते आम्ही सांगायला नको. चोथ्याला हे मानाचे पान मिळवून देण्यात ज्यांचा सर्वात मोठा वाटा, त्या डॉ. डेनिस बर्किट यांचा परिचय यंदा करून देत आहोत. त्यांचे म्हणणे पुढे कितपत टिकले, हेही सांगणार आहोत.

बर्किट यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1911 रोजी आयर्लंडच्या उत्तर भागातील एनिस्किलन गावी झाला. वडील जिल्ह्याचे सर्व्हेअर. रस्ते आणि पूल हे त्यांचे काम, पण छंद पक्ष्यांचा. रॉबिन पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून कोणता पक्षी कुठवर वावरतो याचे नकाशे त्यांनी काढले आणि पक्षिशास्त्रात नाव मिळवले. नकाशाची ही दृष्टी मुलाकडे वारशाने आली असे म्हणायला हरकत नाही. अकराव्या वर्षी शाळकरी मुलांच्या दगडफेकीत डेनिसचा एक डोळा गेला. पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी आधी इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला होता. डिप्लोमा करून सरकारी बांधकामात आयुष्य घालवणाऱ्या आम्हाला हे वाचून बरे वाटले! पण तिथे त्यांचा धार्मिक ओढा वाढला, सेवेचा मार्ग म्हणून त्यांनी वैद्यक निवडले आणि 1935 साली ते डॉक्टर झाले.

शल्यविशारद झाल्यावर वसाहतीच्या वैद्यकीय सेवेसाठी त्यांनी अर्ज केला, तो एका डोळ्यामुळे नाकारला गेला. महायुद्धात मात्र लष्कराच्या वैद्यकीय दलाने त्यांना घेतले. त्या नोकरीत पूर्व आफ्रिका आणि सिलोन पाहून झाले. 1943 मध्ये ऑलिव्ह रॉजर्स या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. 1946 साली ते युगांडात रुजू झाले, आधी लिरा येथे आणि नंतर कंपालाच्या मुलागो रुग्णालयात.

तिथे 1957 साली डॉ. ह्यू ट्रोवेल यांनी त्यांना एक लहान मुलगा दाखवला. त्याच्या जबड्याला वर-खाली, दोन्ही बाजूंना गाठी होत्या. थोड्याच दिवसांत जिंजा येथील रुग्णालयात तसेच दुसरे मूल दिसले. एखाद्याने विचित्र योगायोग म्हणून सोडून दिले असते. बर्किट यांनी जुनी कागदपत्रे उपसली, तेव्हा हा मुलांमधला एक वेगळाच कर्करोग असल्याचे ध्यानात आले. 1958 मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. मग अगदी किरकोळ अनुदानातून माहितीपत्रके छापून आफ्रिकाभरच्या रुग्णालयांना धाडली. 1961 च्या अखेरीस दोन डॉक्टर मित्रांसह एक जुनी फोर्ड गाडी घेऊन ते निघाले. दहा आठवड्यांत सुमारे 10,000 मैल प्रवास करून त्यांनी पन्नासहून अधिक रुग्णालये पालथी घातली.

नकाशावर ठिपके मांडले तेव्हा दिसले की हा रोग उष्ण, पावसाळी पट्ट्यात आहे आणि उंच थंड प्रदेशात नाही. हा पट्टा मलेरियाच्या पट्ट्याशी जुळत होता. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचे व्याख्यान ऐकायला अँथनी एप्स्टाइन हे संशोधक बसले होते. त्यांनी गाठींचे नमुने मागवले आणि 1964 साली त्यात एक विषाणू सापडला. माणसाच्या कर्करोगाशी जोडला गेलेला तो पहिला विषाणू. तो रोग आज बर्किट लिम्फोमा या नावाने ओळखला जातो. इतके एकच काम झाले असते तरी नाव अजरामर होते.

पण माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. 1966 मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला परतले. पुढच्याच वर्षी त्यांची गाठ नौदलातील निवृत्त डॉक्टर क्लीव्ह यांच्याशी पडली. साखर आणि मैदा यांनीच आधुनिक रोग आणले, असे क्लीव्ह सांगत आणि फारसे कोणी ऐकत नसे. बर्किट यांना मात्र आपली युगांडातली वीस वर्षे आठवली. मोठ्या आतड्याचा कर्करोग, ॲपेंडिक्सची सूज, आतड्याला येणाऱ्या पिशव्या ही इंग्लंडमधली रोजची दुखणी तिथे क्वचितच दिसत. त्यांनी शंभराहून अधिक मिशन रुग्णालयांकडून दरमहा माहिती मागवायला सुरुवात केली. पद्धत तीच, ठिपके आणि नकाशा.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क शौचाची वजने केली. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत युगांडातील खेडुतांचा रोजचा मळ चारशे ग्रॅमच्या वर भरला आणि अन्न सुमारे दीड दिवसात पोटातून बाहेर पडत होते. इंग्लंडच्या लोकांचा मळ त्याच्या चौथ्या हिश्शाइतका आणि वेळ तीन दिवसांहून जास्त. यावरून त्यांनी सिद्धांत मांडला : चोथा कमी, म्हणून मळ थोडा आणि घट्ट, म्हणून आतड्यावर दाब, कुंथणे, मूळव्याध, पिशव्या, आणि घातक द्रव्ये आतड्यात रेंगाळतात म्हणून कर्करोग. हे सांगत ते जगभर फिरले. भर सभेत मळाची छायाचित्रे पडद्यावर दाखवत आणि लोकांना हसवत. वाहता नळ बंद करायचा सोडून डॉक्टर नुसती फरशी पुसत बसलेत, हे चित्र ते आवर्जून दाखवीत. 1979 साली त्यांनी सामान्य वाचकांसाठी आहारातील चोथ्यावर पुस्तक लिहिले. 23 मार्च 1993 रोजी त्यांचे निधन झाले, तोवर कोंडा सर्वमान्य झाला होता.

आता दुसरी बाजू. एक रस्ता टिकला आणि दुसरा उखडला, तर नुसते डांबर तपासून आम्ही अहवाल देत नाही. खालची माती, पाण्याचा निचरा, वाहनांचा भार हे सगळे पाहावे लागते. युगांडातला शेतकरी आणि लंडनचा कारकून यांच्यात चोथा हा एकच फरक नव्हता. एक दिवसभर राबत होता, मांस कमी खात होता आणि म्हातारपण गाठण्याआधीच अनेकदा दुसऱ्या रोगाने जात होता. आतड्याचा कर्करोग बहुधा उतारवयाचा. बर्किट यांनी ठिपके बरोबर मांडले होते, पण या खेपेस कारण म्हणून एकाच गोष्टीवर बोट ठेवले.

त्यांच्या पश्चात तपासण्या झाल्या. 1999 मध्ये अमेरिकेतील 88,000 हून अधिक परिचारिकांची 16 वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. जास्त चोथा खाणाऱ्यांना आतड्याच्या कर्करोगापासून संरक्षण मिळालेले दिसले नाही. 2000 साली आणखी दोन प्रयोगांचे निकाल आले. आतड्यातील गाठी काढलेल्या लोकांपैकी काहींना चोथ्याचा आहार किंवा गव्हाचा कोंडा दिला गेला. तीन-चार वर्षांनी पाहिले तर गाठी पुन्हा येण्यात फरक नव्हता. 2012 मध्ये दोन हजारांवर लोकांची आतडी दुर्बिणीने पाहिली, तेव्हा जास्त चोथा खाणाऱ्यांत त्या पिशव्या कमी नव्हे, उलट जास्त आढळल्या. त्याच वर्षी सिंगापूरच्या डॉक्टरांनी बद्धकोष्ठाच्या 63 रुग्णांचा चोथा कमी किंवा बंद केला आणि ज्यांनी तो पूर्ण बंद ठेवला त्यांचा त्रास हलका झाला. हा प्रयोग लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

मग चोथा फेकून द्यायचा का? तसेही नाही. 2003 साली युरोपातील दहा देशांच्या पाच लाख लोकांच्या पाहणीत जास्त चोथा खाणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग कमी दिसला. 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. रोज 25 ते 29 ग्रॅम चोथा पोटात जाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह आणि आतड्याचा कर्करोग कमी आढळला. शिवाय चोथा म्हणजे एक वस्तू नव्हे, हेही उमगले. इसबगोल पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ करते. गव्हाचा कोंडा खरखरीत. आतडे हळवे असलेल्यांना इसबगोल मानवते, पण कोंड्याने त्रास वाढू शकतो. डाळी-कडधान्यांतला काही चोथा आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोषण मिळते. ज्वारीची भाकरी, उसळ आणि पालेभाजी या आपल्या जेवणात हे निरनिराळे प्रकार आपसूक येतात.

आम्ही डॉक्टर नाही, पण एक गोष्ट ज्येष्ठांना हात जोडून सांगतो. शौचावाटे रक्त गेले, वजन उतरू लागले किंवा शौचाची सवय अचानक बदलली, तर मूळव्याध असेल म्हणून इसबगोलावर दिवस काढू नका. डॉक्टरांना दाखवा. चोथ्याने पोट फुगत असेल, तर अधिक चोथा हेच उत्तर असते असे नाही. वाढवायचाच तर हळूहळू आणि पाण्यासोबत.

बर्किट यांचा चोथ्याचा सिद्धांत निम्मा टिकला, निम्मा गळाला. त्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही. मुलांच्या कर्करोगाच्या वेळी ठिपक्यांपासून विषाणूपर्यंतचा रस्ता इतरांनी तपासला आणि तो पक्का निघाला. चोथ्याच्या वेळीही इतरांनीच तपासले आणि काही ठिकाणी तो खचला. पण तपासायला रस्ता होता, कारण एका डोळ्याच्या या डॉक्टराने शौचासारखा लाजेचा विषय उघड्यावर आणून कोट्यवधी लोकांना आपल्या ताटाकडे पाहायला लावले. कोंड्याचा मांडा तो हाच.