विल्यम सीली गॉसेट

विल्यम सीली गॉसेट (१३ जून, १८७६:कँटरबरी, इंग्लंड - १६ ऑक्टोबर, १९३७:बीकन्सफील्ड, इंग्लंड) हे इंग्लिश संख्याशास्त्रज्ञ होते. 'स्टुडंट' या टोपणनावाने ते ओळखले जातात.

ऑक्सफर्ड येथे रसायनशास्त्र व गणिताचे शिक्षण घेऊन १८९९ मध्ये ते डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात रुजू झाले. तेथील प्रयोगांत मोजकीच निरीक्षणे हाती येत; प्रचलित सूत्रे मात्र मोठ्या नमुन्यांसाठी होती. १९०६-०७ मध्ये लंडन येथे कार्ल पिअर्सन यांच्याकडे अभ्यास करून त्यांनी १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात लहान नमुन्यांच्या सरासरीवरील निबंध प्रसिद्ध केला. कंपनीच्या नियमांमुळे त्यावर त्यांचे खरे नाव नव्हते.

निबंधातील एका उदाहरणात दोन औषधांमुळे १० रुग्णांची झोप किती तासांनी वाढली, याच्या नोंदी होत्या. गॉसेट यांनी प्रत्येक रुग्णाच्या दोन नोंदींमधील फरक घेतला. त्यामुळे रुग्णारुग्णांतील मूळची तफावत वगळली गेली. फरकांची सरासरी १.५८ तास आली. औषधांचा परिणाम सारखाच असता, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता अत्यल्प ठरत होती. उपचारापूर्वीच्या व नंतरच्या मापांची तुलना करणारी जोडी टी-चाचणी याच रीतीवर आधारलेली आहे. पुढे रोनाल्ड फिशर यांनी या पद्धतीला आजचे गणिती रूप दिले.