ओव्हरटाईमला दुप्पट पगार मिळवून देणारे बाबासाहेब, आणि त्या हिशोबाबाहेर राहिलेला बीडचा कोयता

ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काम केलं की दुप्पट पगार. कारखान्यातल्या कामगाराला हा नियम पाठ असतो. पण तो कायद्यात कुणी आणला, हे फार जणांना माहीत नसतं. ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

14 एप्रिल 1891 ला महूला जन्मलेले बाबासाहेब मोठे झाले ते मुंबईत. परळच्या गिरणगावात, बीआयटी चाळीत त्यांनी बरीच वर्षं काढली. भोंग्यावर चालणारं कामगारांचं आयुष्य त्यांनी जवळून पाहिलं होतं. 1936 मध्ये पक्ष काढला तेव्हा नाव दिलं स्वतंत्र मजूर पक्ष. 1938 मध्ये संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांनी मुंबईत एक दिवसाचा संप घडवून आणला.

जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. खातं होतं मजूर. तेव्हा बारमाही कारखान्यांत आठवड्याला 54 तास काम चालायचं. 1946 मध्ये बाबासाहेबांनी कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. 54 चे 48 तास झाले आणि जादा कामाला दुप्पट दर लागला. त्याआधी हा दर कमी होता.

1948 च्या नव्या कारखाना कायद्यातही दुप्पट दर कायम राहिला. पण देखरेख आणि व्यवस्थापन करणाऱ्यांना कामाच्या तासांच्या नियमांतून सूट देण्याची सोयही त्यात होती. इथंच खरी मेख आहे. एखाद्याला नुसतं सुपरवायझर म्हटलं आणि काम मात्र मशीनवरच करून घेतलं, तर? कामगार कोण हे ठरवताना न्यायालयं हुद्द्याचं नाव नाही, प्रत्यक्ष काम बघत आली आहेत.

आता बीडला येऊ. 1946 साली हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं ब्रिटिश हिंदुस्थानचा तो कायदा इथं लागूच नव्हता. पुढं राज्य बदललं, कायदा आला. तरी इथला ऊसतोड कामगार त्याच्या बाहेरच राहिला.

कारण त्याचा हिशोबच वेगळा. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या घर सोडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मजुरी टनावर मिळते. पहाटे तोडणी, रात्री गाडी भरणं. तास कुणी मोजतच नाही, मग जादा तास कुठून निघणार? त्याच उसाचं गाळप करणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला ओव्हरटाईम मिळतो, ऊस तोडणाऱ्याला नाही.

6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. कामगाराचा जादा वेळ फुकट घ्यायचा नाही, हे त्यांनी कायद्यात लिहून ठेवलं. पण त्याचा फायदा मिळायला आधी कामगार म्हणून मोजलं जावं लागतं. बीडचा कोयता अजून त्याच मोजणीची वाट बघतोय.