रमाईची काटकसर आणि आम्ही

माता रमाईला आम्ही त्यागमूर्ती म्हणतो; पण त्या त्यागाचा हिशेब मात्र मांडत नाही.

७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळच्या वणंद गावी जन्मलेली रमाई लहानपणीच आईबापाविना पोरकी झाली. भायखळ्याच्या बाजारात, छपराखाली, रात्रीच्या वेळी भीमरावांशी तिचे लग्न लागले. १९१३ साली सुभेदार रामजी वारले आणि त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेला गेले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, महागाई भडकली. परळच्या चाळीत रमाईने गोवऱ्या थापून, अर्धपोटी राहून संसार रेटला.

१९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. दरमहा साडेचारशे रुपये पगार सुरू झाला. तरीही बिऱ्हाड चाळीतच राहिले. कारण लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायचे होते. १९२० साली ते पुन्हा निघाले आणि रमाईच्या वाट्याला पुन्हा तीच ओढाताण आली. पोटची लेकरे एकामागून एक गेली. एकटे यशवंतराव वाचले. २७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाईचे निधन झाले.

ही गरिबी रमाईने हौसेने पत्करली नव्हती. ती जातिव्यवस्थेने लादली होती. तिचे गोडवे आम्ही गाणार नाही. आदर्श घ्यायचा तो वाचविलेल्या पैशाला रमाईने दिलेल्या दिशेचा. आज आमच्याच वस्तीत लग्नाच्या थाटासाठी कर्ज निघते आणि मुलीच्या फीला पैसा उरत नाही. रमाईच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या हातांनी आधी ती फी भरावी. जयभीम!