हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय

हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय (२० जानेवारी १८७७ – १४ ऑक्टोबर १९२५) हे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ व ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे दुसरे शाही कीटकशास्त्रज्ञ होते.

त्यांचा जन्म हॅम्पशायरमधील क्रोंडल येथे झाला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिक्षण घेऊन त्यांनी वेस्ट इंडीजच्या कृषी खात्यात काम केले. १९०३ साली ते भारतात आले व पुढे बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. 'इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स' (१९०६) आणि 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' (१९०९) हे त्यांचे ग्रंथ.

सुप्त अळ्या

पीक शेतात नसताना कीड कोठे असते, हा प्रश्न या अभ्यासात कळीचा होता. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन भारतातील नमुन्यांवरून १८४३ सालीच झाले होते. दिवस लहान होऊन थंडी पडू लागली की तिच्या पूर्ण वाढलेल्या काही अळ्या कोष न करता सुप्तावस्थेत जातात. दोन सरक्या रेशमी धाग्याने जोडून अळी आत पडून राहते. तिचे खाणे थांबते, श्वसन मंदावते आणि साठवलेल्या चरबीवर ती महिनोन्‌महिने जगते. अतिथंड देशांतील अनेक कीटकांच्या शरीरात ग्लिसरॉलसारखी द्रव्ये साठून रक्त गोठण्यापासून वाचते. मराठवाड्यात मात्र हिमापेक्षा अन्नाचा अभाव हेच मोठे संकट असते.

नांदेड व लातूरचा प्रदेश तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने लेफ्रॉय यांच्या खात्याच्या थेट अमलाबाहेर होता. पण कपाशीच्या नांदेडला आणि ज्वारीच्या लातूरला हा विषय आजही जिव्हाळ्याचा आहे. खोडकिडीची अळी ज्वारीच्या धसकटांत व कडब्यात दडून राहते. बोंडअळी पऱ्हाट्यांवरील किडक्या बोंडांत आणि सरकीत. फरदड घेतल्यास अळीला सुप्त होण्याचीही गरज उरत नाही, कारण अन्न मिळतच राहते. २०१७ साली महाराष्ट्रात बीटी कपाशीवर बोंडअळीचा मोठा उद्रेक झाल्यावर फरदड टाळण्याचा व पऱ्हाट्या नष्ट करण्याचा आग्रह पुन्हा धरला गेला.

मृत्यू

१९१२ साली भारत सोडून लेफ्रॉय लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. वेस्टमिन्स्टर हॉलच्या छताचे लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांवर त्यांनी द्रव औषध तयार केले; त्यातूनच १९२५ साली 'रेंटोकिल' ही कंपनी निघाली. त्याच वर्षी प्रयोगशाळेत कीटकनाशक वायूची चाचणी घेताना ते बेशुद्ध पडले आणि काही दिवसांतच मरण पावले. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते.