शिकारीत मुलगा गेला, पण विधवा सुनेला शिकवलं : राजर्षी शाहू महाराज आणि रानडुकराची शिकार

कोल्हापूर : गावात शाहू महाराजांचा विषय निघाला की राधानगरीचं धरण, बोर्डिंगं, आरक्षण आणि खासबागेतली कुस्ती यावर तासभर बोलणं होतं. महाराज पट्टीचे शिकारी होते, हेही जुन्या लोकांना माहीत असतं. पण याच शिकारीच्या नादानं त्यांच्या घरावर केवढा घाला घातला आणि त्यानंतर त्यांनी काय केलं, हे नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही. ही गोष्ट रानडुकराच्या शिकारीची आहे आणि एका अकरा वर्षांच्या विधवा मुलीचीही.

कागलचा यशवंतराव

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. आई राधाबाई ते लहान असतानाच गेल्या. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात दुर्दैवी अंत झाला. गादीला वारस नव्हता. त्यांच्या पत्नी आनंदीबाई राणीसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं. पुढं दोनच वर्षांत वडील आबासाहेब घाटगेही वारले. ज्या वयात पोरं सुरपारंब्या खेळतात, त्या वयात हा मुलगा आईवडिलांविना राजा झाला.

शिक्षणासाठी त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात धाडलं. भावनगरचे भावसिंहजी तिथले त्यांचे सोबती. कोल्हापुरातला भाऊसिंगजी रोड त्यांच्याच नावाचा. त्यानंतर धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली शिक्षण झालं. पुस्तकाइतकीच घोड्याची मांड, व्यायाम आणि रानावनातली भटकंती त्यांना प्यारी होती. २ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

अंगानं धिप्पाड, कुस्तीचा शौक, घोड्यांची पारख आणि शिकारीचं वेड. महाराजांनी चित्ते पाळले आणि त्यांच्याकडून काळवीट धरवले. नवे घोडे वठणीवर आणायला जोडलेला त्यांचा खडखडा जिल्ह्यात आजही लोकांच्या बोलण्यात असतो. पण ज्या शिकारीत माणसाची आणि घोड्याची खरी कसोटी लागते, ती शिकार म्हणजे घोड्यावरून भाल्यानं रानडुक्कर मारणं.

बंदूक नाही, पिस्तूल नाही, फक्त भाला

त्या काळात या शिकारीचे नियम ठरलेले होते. जिथं घोडा पळू शकतो अशा मोकळ्या रानात डुकरावर गोळी झाडणं हलकं समजलं जाई. बंदूक असो की पिस्तूल, दोन्ही बाजूला ठेवायचं. हातात फक्त भाला. मुंबई इलाख्यात लांब भाला वापरत, तो हात खाली ठेवून धरायचा. बंगालकडं भाला आखूड असे आणि वरून खाली मारत. डोंगरात, दाट झाडीत घोडा चालत नाही, तिथं मात्र बंदुकीची शिकार चाले. मादीला आणि पिलांना हात लावायचा नाही, कळप सोडून एकटा फिरणारा सुळेवाला नर तेवढा धरायचा, हाही नियमच.

शिकारीला बरा काळ म्हणजे थंडीचा. पावसाळ्यात काळ्या रानात घोड्याचा पाय रुततो आणि उभ्या पिकातून घोडा घालता येत नाही. खरीप निघालं, वाफसा उडाला, जमीन टणक झाली, की रान मोकळं होतं. रात्रभर पिकात चरलेलं डुक्कर पहाटेच्या गारठ्यात उसात, बोरी-बाभळीच्या जाळीत किंवा ओढ्याच्या झुडपात जाऊन बसतं. हाकारे करणारी माणसं ओरडत, डबे बडवत रान उठवतात. डुक्कर बाहेर पडलं की स्वार त्याच्या मागं घोडा टाकतात. ज्याचा भाला पहिला लागेल, सुळ्यांचा मान त्याचा.

ऐकायला हे सोपं वाटतं, करायला फार अवघड. रानडुक्कर दिसायला बेढब, पण सुरुवातीच्या धावेत चांगल्या घोड्यालाही मागं टाकतं. दमलं की ते पळत नाही, उलटून अंगावर येतं. सुळ्याच्या एका फटकाऱ्यात घोड्याचं पोट किंवा पाय फाडतं. पण जाणता शिकारी डुकरापेक्षा जमिनीला जास्त भ्यायचा. भरधाव घोड्यापुढं अचानक बांध येतो, ओघळ येते, गवतात लपलेली बिनकठड्याची विहीर येते. स्वाराची नजर डुकरावर आणि घोड्याचा पाय खड्ड्यात, असं झालं की सगळं संपलं. त्यामुळं या खेळात डुकराच्या सुळ्याइतकेच लोक घोड्यावरून पडून जायबंदी होत.

शिकारीच्या निमित्तानं माणसं कळली

महाराजांना शिकारीनं आणखी एक गोष्ट दिली. राजवाड्यात बसणाऱ्या राजाला कारकून सांगतील तेवढंच राज्य दिसतं. रानात तंबू ठोकणाऱ्याला धनगर भेटतो, हाकाऱ्याला आलेला महार भेटतो, ज्याच्या शेतातून घोडा गेला तो कुणबी भेटतो. डुकरानं कुणाचं किती पीक लोळवलं हे जसं कळतं, तसंच कुणावर कुणाची वेठ आहे आणि कुणाचं पोर शाळेत जात नाही हेही कळतं. राधानगरी-दाजीपूरच्या डोंगरात त्यांचं शिकारीचं राखीव रान होतं. त्याच भागात भोगावतीचं पाणी अडवून धरण बांधायचं काम त्यांनी काढलं आणि वसवलेल्या गावाला मुलीच्या नावावरून राधानगरी नाव दिलं. धरण पुरं झालेलं पाहणं त्यांच्या नशिबात नव्हतं, ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं.

शिकारीतले खरे जाणकार म्हणजे फासेपारधी. जनावराचा माग कसा काढायचा, वारा कुठल्या बाजूचा, जाळं कुठं लावायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. पण इंग्रज सरकारच्या १८७१ च्या कायद्यानं अशा कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. महाराजांनी या लोकांना जवळ केलं, काम दिलं, राहायला जागा दिली. ज्यांना गाव वेशीबाहेर ठेवत होतं, त्यांच्यावर राजानं भरवसा टाकला.

१२ जून १९१८

महाराजांना दोन मुली आणि दोन मुलगे. थोरले राजाराम, धाकटे शिवाजी. धाकट्या शिवाजीराजेंचा जन्म १८९९ चा. बापासारखीच घोड्याची आणि शिकारीची आवड. १९१७ च्या जून महिन्यात त्यांचं लग्न सासवडच्या जगताप घराण्यातल्या मुलीशी झालं. सासरचं नाव इंदुमती. मुलगी अजून अकरा वर्षांचीही पुरती झालेली नव्हती. त्या काळी लग्नं अशाच वयात होत.

लग्नाला जेमतेम एक वर्ष झालं. मृग नक्षत्र लागून चार-पाच दिवस झाले होते. १२ जून १९१८ रोजी रानडुकराच्या शिकारीत शिवाजीराजे घोड्यावरून पडले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. वय एकोणीस.

ज्या शिकारीची गोडी मुलांना बापानं लावली, त्याच शिकारीनं मुलगा नेला. पैलवानांच्या पाठीवर थाप मारणारा, आडदांड घोडे वठणीवर आणणारा हा माणूस या घावानं आतून मोडला. त्यांची प्रकृती पुढं खालावतच गेली. पण घरात त्यांच्यापुढं त्यांच्या दुःखाहून मोठा प्रश्न उभा होता. अकरा वर्षांची सून विधवा झाली होती.

त्या मुलीचं काय करायचं?

शंभर वर्षांपूर्वी अशा मुलीचं काय होत असे, हे सांगायची गरज नाही. एक खोली, एक कोपरा, अंगावर एकाच रंगाचं लुगडं आणि उरलेलं सगळं आयुष्य. राजघराण्यात तर पडदा आणखी जाड. लोक काय म्हणतील याची भीती गरिबापेक्षा मोठ्या घरात जास्त असते.

महाराजांनी ठरवलं की सून शिकणार. राजवाड्यातूनच विरोध झाला. विधवा सुनेनं पाटी-पुस्तक घेऊन बसायचं, हे घरातल्यांनाच पटेना. तेव्हा महाराजांनी वाद घालत बसण्याऐवजी जागाच बदलली. कोल्हापूरजवळ पंचगंगेपलीकडं सोनतळीला त्यांचा कॅम्प होता. तिथं सुनेची राहायची आणि शिकायची सोय केली. ती एकटी पडू नये म्हणून वेगवेगळ्या जातींतल्या चार मुली तिच्यासोबत शिकायला ठेवल्या. राजाची सून आणि चार साध्या घरच्या मुली एका जागी बसून शिकू लागल्या. बाहेरगावी असले की महाराज तिला पत्रं लिहीत आणि अभ्यासाची विचारपूस करत.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. महाराजांनी १९१७ सालीच संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. पोरांना शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड ठेवला होता. त्याच साली विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदाही केला होता. रयतेला सांगितलेली गोष्ट स्वतःच्या उंबऱ्याच्या आत करायची वेळ आली, तेव्हा हा राजा मागं हटला नाही. सुनेच्या हातात त्यांनी पाटी दिलीच.

दुःखात बसून राहिले नाहीत

मुलगा गेला त्याच १९१८ सालात महाराजांनी संस्थानातली महार वतनं रद्द केली आणि त्यांच्या जमिनी त्यांच्या नावावर करायचा मार्ग मोकळा केला. रोज चावडीवर जाऊन हजेरी लावायची सक्ती काही जातींवर होती. तीही त्याच वर्षी काढली. म्हणजे ज्यांना रोज उठून आपण चोर नाही हे सिद्ध करावं लागत होतं, त्यांच्या मागचं ते झेंगट गेलं. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने यांत शिवाशीव पाळायला बंदी घातली आणि बायकांना छळणाऱ्यांविरुद्ध कायदा केला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला जाऊन त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला.

गेलेल्या मुलाच्या नावानं कोल्हापुरात प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग उभं राहिलं. खेड्यातली गरीब पोरं तिथं राहून शिकली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय पुरतं अठ्ठेचाळीसही नव्हतं. मुलाच्या मृत्यूनंतर ते चारच वर्षं जगले.

सून मॅट्रिक झाली

सासरे गेले तेव्हा इंदुमती राणीसाहेब सोळा वर्षांच्याही नव्हत्या. पाठीशी उभा राहणारा माणूस गेला होता, शिक्षण तिथंच थांबलं असतं तरी कुणी नवल मानलं नसतं. पण त्यांनी अभ्यास सोडला नाही. १९२५ साली त्या मॅट्रिक झाल्या. पुढं त्यांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं काम हाती घेतलं, ललिता विहारसारखी संस्था उभी केली. १९७१ मध्ये त्यांचं निधन झालं. सासऱ्यांनी दिलेली पाटी त्यांनी पुढं कितीतरी मुलींच्या हातात दिली.

दाजीपूरचं ते शिकारीचं रान आज राधानगरी अभयारण्य आहे. तिथं आता गवे फिरतात, रानडुकरंही आहेत आणि त्यांना मारायला बंदी आहे. अभयारण्याबाहेरच्या शिवारात डुकरं आजही ऊस लोळवतात, भुईमूग उकरतात, रात्रीची राखण करायला लावतात. तिथंही वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. भाला घेऊन घोडा पळवायचे दिवस संपले. पण घरात अचानक आभाळ फाटलं, कर्ता मुलगा गेला, मागं कोवळी सून राहिली, असे प्रसंग आजही खेड्यापाड्यांत येतात. तेव्हा तेराव्यानंतर माणसं बसतात आणि त्या मुलीचं पुढं काय करायचं, याचा विचार सुरू होतो. १९१८ साली एका राजानं विरोध सोसून या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. पोरीला शाळेत घालायला राजा असावं लागत नाही, तेवढा घट्ट सासरा असला तरी पुरे.