सिमेंटच्या ठोकळ्यांना नक्षी काढून बंगले बांधणारा फ्रँक लॉइड राईट, आणि खर्च भागवताना दमलेले घरमालक

आपल्याकडे कंपाऊंडची भिंत असो नाहीतर जिन्याची खिडकी, सिमेंटची नक्षीदार जाळी कुठे ना कुठे दिसतेच. साचा, सिमेंट, वाळू आणि थोडी मेहनत, की स्वस्तात काम होतं. पण अख्खं घरच अशा नक्षीदार ठोकळ्यांचं बांधायचं म्हटलं तर?

१०० वर्षांपूर्वी अमेरिकेत फ्रँक लॉइड राईटनं नेमका हाच उद्योग केला होता.

राईटचा जन्म ८ जून १८६७ चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या रिचलंड सेंटरचा. पोरगं आर्किटेक्टच होणार, हे आईनं आधीच ठरवून टाकलेलं. तिनं त्याला खेळायला लाकडी ठोकळे आणून दिले. पुढे तो शिकागोला गेला आणि लुई सलिव्हन या मोठ्या आर्किटेक्टच्या हाताखाली लागला. तिथे नोकरी करता करता त्यानं गुपचूप बाहेरची घरं डिझाईन करायला सुरुवात केली. १८९३ मध्ये हे उघडकीला आलं आणि नोकरी गेली.

स्वतःचं ऑफिस मात्र जोरात चाललं. काँक्रीटशी त्याची खरी गट्टी जमली ती ओक पार्कच्या युनिटी टेम्पलमुळे. जुनं चर्च १९०५ मध्ये जळालेलं, नवं बांधायला पैसे कमी. राईटनं काँक्रीट ओतलं आणि वर दगड-विटांचा मुलामा न देता तसंच उघडं ठेवलं. त्या काळात काँक्रीट म्हणजे पायात गाडायची वस्तू होती.

मग आयुष्य फिरलं. १९०९ मध्ये बायको आणि ६ मुलांना सोडून तो एका क्लायंटच्या बायकोबरोबर युरोपला गेला. पेपरवाल्यांनी त्याला सोलून काढलं. १९१४ मध्ये त्याच्या टॅलिएसिन या घराला नोकरानं आग लावली आणि ७ जणांचा जीव घेतला. त्यात ती बाई आणि तिची दोन मुलंही होती. त्यानंतरची बरीच वर्षं टोकियोच्या इंपिरियल हॉटेलात गेली. परत आला तेव्हा वय पंचावन्नच्या पुढे, अमेरिकेत हाताला फारसं काम नाही आणि नाव बदनाम.

अशा वेळी त्यानं लॉस एंजेलिसमध्ये ‘टेक्स्टाईल ब्लॉक’ची कल्पना काढली.

कल्पना खरंच भारी होती. प्लॉटवरचीच वाळू-मुरूम घ्यायचा, त्यात सिमेंट आणि अगदी थोडं पाणी घालायचं, मिश्रण नक्षीच्या साच्यात ठोकून बसवायचं. ठोकळा साधारण १६ इंच चौरस. प्रत्येकाच्या कडेला खाच. दोन ठोकळे शेजारी ठेवले की खाचांची नळी तयार होते. तिच्यात आडव्या-उभ्या सळया घालायच्या आणि वरून पातळ सिमेंट ओतायचं. कापड विणतात तशी भिंत विणायची, म्हणून ते नाव. गवंड्याची कारागिरी लागणार नाही, साधा मजूरही हे काम करेल आणि घर स्वस्तात पडेल, असा हिशोब.

अशीच युक्ती राईटच्या स्टुडिओत पूर्वी काम केलेल्या वॉल्टर बर्ली ग्रिफिननं ऑस्ट्रेलियात ‘निटलॉक’ नावानं १९१७ मध्येच पेटंट केली होती. हा ग्रिफिन पुढे कामासाठी भारतात आला, १९३७ मध्ये लखनौत वारला आणि तिथेच त्याची कबर आहे.

राईटचं पहिलं घर १९२३ मध्ये पासाडेनाला, अ‍ॅलिस मिलार्ड या दुर्मिळ पुस्तकं विकणाऱ्या बाईंसाठी. यात सळया नव्हत्या, ठोकळे नेहमीसारखे जोडले होते. बजेट १० हजार डॉलरचं, खर्च गेला १७ हजारांच्या घरात. वर घर ओढ्याच्या घळीत, त्यामुळे पावसात पाणी आत शिरलं. छपरानंही दगा दिला. तरी मिलार्ड बाईंनी ते घर शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्यानंतरच्या स्टोरर, फ्रीमन आणि एनिस या तीन घरांत सळया आल्या. राईट स्वतः फार काळ साईटवर नव्हता, देखरेख मुलगा लॉइडकडे. एकट्या एनिस हाऊसला २७ हजारांवर ठोकळे लागले, तेही हातानं पाडलेले. इथेच स्वस्ताईचा हिशोब कोसळला. साचे सोपे होते, पण कोपरा, खिडकी, कठडा, प्रत्येकाला वेगळा ठोकळा हवा. प्लॉटवरचा मुरूम स्वच्छ नव्हता. पाणी कमी घातलेलं काँक्रीट सच्छिद्र राहिलं, पाऊस आत झिरपून सळयांपर्यंत पोचला. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. नक्षी सुरेख होती, पण तिच्या मागे पाणी कुठून जाणार याचा विचार कच्चा होता, आणि तो पक्का करण्याची किंमत मालकांनी मोजली.

राईटनं नाद सोडला नाही. फॉलिंगवॉटरनं त्याला पुन्हा शिखरावर नेलं, तरी ऐंशी ओलांडल्यावर त्यानं ‘युसोनियन ऑटोमॅटिक’ नावानं तीच पद्धत परत आणली. यावेळी मालकानंच ठोकळे पाडायचे. वॉशिंग्टन राज्यातल्या नॉर्मंडी पार्कमध्ये एका जोडप्यानं खरंच स्वतःच्या हातांनी दीड हजारांहून जास्त ठोकळे पाडून घर उभं केलं. तिथे श्रम फुकटचे होते, म्हणून गणित जमलं.

९ एप्रिल १९५९ ला राईट गेला. वय ९१. एनिस हाऊस पुढे ‘ब्लेड रनर’मुळे जगाला माहीत झालं. मग १९९४ च्या भूकंपानं आणि २००५ च्या पावसानं ते खिळखिळं केलं. २०११ मध्ये ४५ लाख डॉलरला विकलं गेलं, मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये १ कोटी ८० लाखांना हात बदलला. त्याच वर्षी राईटच्या ८ वास्तू युनेस्कोच्या यादीत गेल्या. युनिटी टेम्पल त्यात आहे. नक्षीच्या ठोकळ्यांचं या चारपैकी एकही घर नाही.